जवाचा रोग आणि नालबंदाची भट्टी

घोड्याचे सारे वजन चार खुरांवर असले तरी ते तळव्यांवर टेकलेले नसते. खुराच्या कठीण कवचात पायाचे शेवटचे हाड असते आणि ते कवचाच्या आतल्या भिंतीला अक्षरशः टांगलेले असते. हाडावरच्या जिवंत त्वचेचे उभे, पातळ पापुद्रे आणि कवचाच्या आतल्या बाजूचे शिंगासारख्या द्रव्याचे पापुद्रे, दोन हातांची बोटे एकमेकांत अडकवावीत तसे, परस्परांत गुंतलेले असतात. एका खुरात असे ५५० ते ६०० मुख्य पापुद्रे असतात आणि प्रत्येकाला पुन्हा शंभराहून अधिक उपपापुद्रे फुटलेले असतात. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर भार वाटला जातो, म्हणूनच चारपाचशे किलोचे जनावर भरधाव धावताना एका खुरावर उतरू शकते.

ही जोडणी दुखावली, ताणली गेली किंवा सुटली की त्या विकाराला लॅमिनायटिस म्हणतात. हाडाच्या मागच्या बाजूला एक जाड कंडरा जोडलेली असते. ती हाडाला सतत मागे ओढत असते आणि वरून शरीराचा भार येत असतो. पापुद्र्यांची पकड गेली की हाडाचे टोक खाली वळते. कधी सबंध हाडच खाली बसते, तर कधी त्याचे टोक तळवा फोडून बाहेर येते. घोड्याच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भाग पुढच्या पायांवर असल्यामुळे आजार बहुधा त्याच पायांत दिसतो. घोडा पुढचे पाय समोर ताणतो, मागचे पाय पोटाखाली घेतो आणि भार मागे टाकून उभा राहतो. खूर गरम लागतात, खुराच्या वरच्या बाजूची नाडी जोराने उडते, वळायला सांगितले तर जनावर जागेवरच अडखळते. आजार जुना झाला की खुराच्या भिंतीवर टाचेकडे रुंदावत जाणाऱ्या वळ्या उठतात, पुढची भिंत खोलगट होते आणि तळवा सपाट किंवा फुगीर बनतो. मुरलेला नालबंद अशा खुरावरून घोड्याचे मागचे वर्ष वाचू शकतो, कारण भिंत महिन्याला सुमारे सहा ते दहा मिलिमीटर वाढते आणि पुढचा भाग वरून खालपर्यंत नवा यायला नऊ महिने ते एक वर्ष लागते.

या आजाराच्या उपचारांचा इतिहास दोन हजार वर्षांहून जुना आहे. त्यात एक गोष्ट ठळकपणे दिसते. धान्य आणि आजार यांचा संबंध माणसाला फार लवकर कळला होता. पण खुराच्या आत काय घडते हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. मधल्या काळात प्रत्येक पिढीने खुराविषयी स्वतःची जी कल्पना होती तिच्या आधारे उपचार केले, आणि घोड्यांनी ते सोसले.

इ. स. पूर्व चौथ्या शतकात झेनोफनने घोड्यांची निवड आणि निगा यांवर लिहिलेल्या ग्रीक ग्रंथात जवाच्या अतिसेवनाने होणाऱ्या आजाराचा उल्लेख आहे. घोड्याने दाणा टाकला तर रक्त वाढले, थकवा आला की जवाचा आजार सुरू होतो आहे, हे मालकाने ताबडतोब ओळखावे, असे तो सांगतो. ग्रीकांचे घोडे नालांविना चालत, त्यामुळे खूर कणखर ठेवणे हाच त्यांच्या निगेचा गाभा होता. तबेल्याची जमीन ओली राहू नये आणि बाहेरच्या अंगणात गोटे पसरून त्यांवर घोड्याला उभे करावे, म्हणजे खरारा होत असतानाही त्याचे खूर कामाला लागतील, असा झेनोफनचा सल्ला आहे. सपाट खुरापेक्षा पोकळ तळव्याचा खूर चांगला, कारण तो जमिनीवर पडताना झांजेसारखा वाजतो, असेही त्याने नोंदवले आहे. लॅमिनायटिसने तळवा खाली आलेल्या खुराला ती पोकळी उरत नाही. म्हणजे तो जी खूण तपासायला सांगत होता ती निरोगी खुराची नेमकी खूण होती.

त्याच शतकातल्या ॲरिस्टॉटलने कुरणात राहणारे घोडे आणि तबेल्यातले घोडे असा फरक केला. कुरणातल्या घोड्यांना पायाच्या आजाराखेरीज दुसरे दुखणे नसते, त्या आजारात कधी कधी खूरही गळून पडतो आणि पुन्हा उगवतो, असे तो लिहितो. बाकीच्या आजारांची लांब यादी तो तबेल्यातल्या घोड्यांच्या नावे लावतो आणि जवाने होणारा आजार तिच्यातच घालतो. कुरणात होणारा पायाचा आजार म्हणजे आजचा लॅमिनायटिसच, असे खात्रीने म्हणता येणार नाही. तरीही आहार, मोकळीक आणि खूर या तिन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात आणणारे हे निरीक्षण मोलाचे आहे.

रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात लष्करी घोड्यांचे वैद्य वेगळे असत. इ. स. च्या चौथ्या शतकातला ॲप्सिर्टस हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. त्याची शिकवण पत्रांच्या रूपात आहे आणि पुढे बायझँटाइन काळात संकलित झालेल्या 'हिप्पियाट्रिका' या ग्रीक ग्रंथात ती टिकून राहिली. लॅटिनमध्ये व्हेजिटियसने अशाच माहितीचे पुस्तक रचले. या ग्रंथांत जवाने जखडलेल्या घोड्याला स्वतंत्र प्रकरण मिळाले. त्यांच्या समजुतीनुसार न पचलेल्या धान्याचा दोष रक्तात मिसळतो आणि रक्त खाली उतरून पायांत साचते. रक्तच दोषी म्हटल्यावर उपाय उघड होता. शीर उघडून रक्त काढायचे, जव बंद करायचे, हलका चारा द्यायचा आणि घोड्याला चालवायचे. यांतले धान्य थांबवणे पूर्ण बरोबर होते. रक्त काढण्याने फारसे साधत नव्हते. आणि चालवण्याने, पापुद्रे सुटत असतील तर, प्रत्येक पावलागणिक नुकसान वाढत होते. तरी हे तिन्ही उपाय एकत्र बांधले गेले आणि दीड हजार वर्षे एकत्रच राहिले. घोडा सुधारला तर श्रेय कोणत्या उपायाचे, हे वेगळे काढून पाहण्याचे साधनच त्या काळात नव्हते.

रोमन लोक दुखऱ्या खुरावर बांधायची पादत्राणे वापरत. काही एस्पार्टो नावाच्या गवताची विणलेली होती, काही लोखंडी पत्र्याची. खिळ्यांनी ठोकलेली नाल युरोपात सर्वत्र पसरली ती साधारण नवव्या ते अकराव्या शतकांत. या बदलाचा परिणाम खोलवर झाला. नाल लागलेला खूर झिजत नाही, म्हणून तो दर काही आठवड्यांनी तासावा लागतो. त्यामुळे खूर नियमितपणे हातात घेऊन पाहणारा एक कारागीर तयार झाला. लोखंड तापवणारा, ठोकणारा, खूर तासणारा हा माणूस हळूहळू घोड्यांचा वैद्यही बनला. पशुवैद्यकाच्या शाळा निघेपर्यंत या आजाराचे बहुतेक ज्ञान त्याच्याच भट्टीशेजारी जमा होत गेले.

तेराव्या शतकाच्या मध्याला जॉर्डानस रुफस या सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या अश्वाधिकाऱ्याने घोड्यांच्या आजारांवर लिहिलेला ग्रंथ युरोपभर नकलला गेला आणि त्याची अनेक भाषांत रूपांतरे झाली. मध्ययुगीन लेखक कारणांची यादी देतात तिच्यात धान्याचा अतिरेक, दमछाक होईपर्यंत दौड आणि घामेजलेल्या घोड्याला एकदम थंड पाणी किंवा वारा, ही तीन कारणे पुन्हा पुन्हा येतात. घोड्याला वाहत्या ओढ्यात उभे करण्याची रीतही नालबंदांमध्ये जुनी होती. तिचे शास्त्र कोणाकडे नव्हते, पण जनावराला बरे वाटते हे दिसत होते.

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये जाक द सोलेझेल याचे 'ल पार्फे मारेशाल' हे पुस्तक १६६४ मध्ये निघाले. जखडलेल्या घोड्याच्या तळव्यावर पुढच्या बाजूला चंद्रकोरीच्या आकाराचा उठाव दिसतो, याचे वर्णन त्याने केले आणि ही कोर म्हणजे जागेवरून खाली सरकलेले खुराचे हाड आहे, असे सांगितले. क्ष-किरण नव्हते, सूक्ष्मदर्शकाचा वापर नव्हता. हातात कानस घेऊन तळवा उघडणाऱ्या माणसाने आजाराचा यांत्रिक भाग ओळखला होता. दुर्दैवाने यावरून निघालेला उपचार मात्र भयंकर होता. सबंध तळवा उपटून काढायचा आणि खाली अडकलेल्या दोषाला वाट करून द्यायची, ही शस्त्रक्रिया अठराव्या शतकातही होत राहिली. भूल नव्हती. घोड्याला पाडून, बांधून हे केले जाई, आणि ज्या हाडाला खालून आधाराची सर्वांत जास्त गरज होती त्याचाच आधार काढून घेतला जाई.

भारतातली अश्वविद्या स्वतंत्र आणि समृद्ध होती. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली परंपरा, नकुलाच्या नावाचे 'अश्वचिकित्सित' आणि जयदत्ताचे 'अश्ववैद्यक' हे ग्रंथ प्रसिद्ध आहेत. खुराच्या या आजाराच्या संदर्भात अधिक बोलके पुरावे मात्र चंदीच्या हिशेबात सापडतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात उत्तम घोड्याला तांदूळ किंवा जव किंवा मूग-उडदाचे शिजवलेले अन्न, तेल, मीठ, मांस, दही आणि वर दुधाबरोबर किंवा मद्याबरोबर गोड पदार्थ असा शिधा सांगितला आहे. त्याच प्रकरणात घोड्याचे अंग वाढणे आणि उतरणे यांवर उपाय करणे, ऋतूप्रमाणे आहार बदलणे हे अश्ववैद्याचे काम म्हणून नोंदवले आहे. अकबराच्या खास घोड्यांच्या शिध्यात दाण्याबरोबर पीठ, साखर आणि हिवाळ्यात तूप असल्याचे 'ऐन-ए-अकबरी'त अबुल फझल सांगतो. घोड्याचे अंग भरलेले, पुठ्ठा गोल आणि मान जाड दिसावी ही राजेशाही तबेल्याची प्रतिष्ठा होती. आज पशुवैद्य मानेवर साठलेली चरबी ही धोक्याची खूण मानतात.

मराठ्यांच्या पागेतले चित्र वेगळे होते. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. भीमेच्या खोऱ्यातली भीमथडीची घोडी अंगाने हलकी, थोड्या दाण्यावर लांब पल्ला मारणारी. मोहिमेच्या तयारीसाठी स्वारांना व सरदारांना जी आगाऊ रक्कम मिळे तिचे नावच नालबंदी होते, यावरून खुरांची तजवीज लष्करी खर्चात किती वरच्या जागी होती ते कळते. हरभरा आणि कुळीथ भिजवून किंवा शिजवून देण्याची दख्खनी पद्धत होती. चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना लिहिलेल्या पत्रात शिवाजी महाराज दाणा आणि वैरण पावसाळ्याच्या अखेरपर्यंत पुरेल अशा बेताने वापरायला बजावतात, ते घोडे उपासमारीने मरू नयेत म्हणून. मोहिमेवरच्या घोड्याला टंचाईचा धोका होता. जवाचा रोग हा सुकाळाचा रोग आहे. तो बांधून खाणाऱ्या, देखण्या, थोड्या कामाच्या घोड्याला आधी गाठतो.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या विद्येचे केंद्र भट्टीकडून शाळेकडे सरकले. क्लोद बूर्जेला याने लिऑनला पहिली पशुवैद्यक शाळा काढली, ती १७६२ मध्ये सुरू झाली. पाठोपाठ पॅरिसजवळ आल्फोर येथे दुसरी निघाली. लंडनची शाळा १७९१ मधली. आता मेलेल्या घोड्याचे खूर पद्धतशीरपणे चिरून पाहिले जाऊ लागले, पापुद्र्यांची रचना चित्रांत उतरली आणि भार नेमका कुठे पेलला जातो यावर वाद रंगले. इंग्लंडमध्ये ब्रेसी क्लार्क याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी असे मांडले की खूर ही ताठ पेटी नाही, भार पडला की तो पसरतो आणि भार उठला की मिटतो, आणि खिळ्यांनी जखडलेली लोखंडी नाल या हालचालीला वर्षानुवर्षे बांधून ठेवते. त्याने बिजागरीची नालही बनवून पाहिली. ती नाल रस्त्यावर टिकली नाही, पण त्याने विचारलेला प्रश्न टिकला. नाल खुराला वाचवते की बिघडवते, हा वाद आजही त्याच मुद्द्यावर चालतो.

एकोणिसाव्या शतकात युरोपातली शहरे घोड्यांवर चालत होती. ऑम्निबस, ट्राम, मालगाड्या, घोडदळ, सगळीकडे दगडी फरसबंद रस्ते आणि भरपूर दाणा. लॅमिनायटिस हा तेव्हा रोजच्या व्यवहारातला आजार होता. रक्त काढणे अजून चालूच होते, त्याला खुरावर गरम पोटिसे आणि जुलाब यांची जोड मिळाली. चालवावे की उभे ठेवावे यावर पशुवैद्यांत दोन तट होते. इंग्लंडच्या बाथ शहरातले पशुवैद्य ब्रॉड हे चालवण्याच्या बाजूचे. त्यांनी मधोमध जाड आणि पुढेमागे पातळ होत जाणारी, मागून बंद असलेली नाल बनवली. या नालेवर घोडा झुलत पाऊल टाकू शकत असे. तिची कल्पना खरोखर चांगली होती, कारण पाऊल उचलताना खुराच्या पुढच्या भिंतीवर येणारा ताण तिने कमी होतो. आजच्या कितीतरी उपचारी नालांत हाच झुलता तळ पुन्हा आला आहे. ब्रॉड यांच्या पद्धतीचा दुसरा भाग, म्हणजे दुखऱ्या घोड्याला आग्रहाने चालवणे, मात्र पुढे सोडून द्यावा लागला. १९०६ मध्ये कॉल्टन रीक्स यांच्या घोड्याच्या खुराच्या आजारांवरील इंग्रजी पुस्तकात या सगळ्या पद्धती एकत्र सापडतात. त्या काळात कोणाला काय माहीत होते हे समजून घ्यायला ते आजही उत्तम साधन आहे.

एव्हाना कारणांची यादीही लांबली होती. गहू किंवा जव एकदम जास्त खाणे, विताना वार आत राहिल्याने घोडीला आलेला ताप, न्यूमोनिया, कडक रस्त्यावरची सक्तीची दौड, आणि एक वेगळेच कारण: नुसते उभे राहणे. एक पाय मोडल्यामुळे दुसऱ्या पायावर आठवडेच्या आठवडे भार पडला की तो चांगला पायही जातो, हे पशुवैद्यांनी नोंदवले होते. लांबच्या समुद्रप्रवासात हेच घडे. ऑस्ट्रेलियातून 'वेलर' जातीचे घोडे हिंदुस्थानातल्या लष्करासाठी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई बंदरांत येत. इराणच्या आखातातून अरबी घोडे मुंबईत उतरत आणि भायखळ्याच्या तबेल्यांत विकले जात. जहाजावरच्या अरुंद कप्प्यात घोड्याला आडवे होता येत नसे. हलत्या तळावर तोल सांभाळत तो आठवडेच्या आठवडे उभाच राही. अशा प्रवासानंतर खूर जाणे हा या व्यापारातला ओळखीचा धोका होता. मुंबईत १८८६ मध्ये परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले तेव्हा शहरातल्या ट्राम आणि व्हिक्टोरिया घोड्यांवरच ओढल्या जात होत्या. पशुवैद्यकाचे शिक्षण तेव्हा जगभरच घोड्याभोवती बांधलेले होते.

मोटार आली आणि घोडा रस्त्यावरून नाहीसा झाला. त्याच्याबरोबर या आजाराविषयीची निकडही ओसरली. तरी निर्णायक काम याच ओहोटीच्या काळात झाले. स्वीडनमध्ये नील्स ओबेल यांनी १९४८ मध्ये तीव्र लॅमिनायटिसमधील पापुद्र्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. जिवंत पापुद्रे आणि शृंगी पापुद्रे यांच्यामधली जोडणी कुठे आणि कशी तुटते हे त्यातून दिसले. ओबेल यांनी लंगडण्याच्या चार पायऱ्याही ठरवल्या. पहिलीत घोडा उभ्या उभ्या पाय आळीपाळीने उचलतो. दुसरीत आखडून चालतो, पण पाय उचलू देतो. तिसरीत पाय उचलू देत नाही. चौथीत जबरदस्ती केल्याशिवाय हलतच नाही. या पायऱ्या जगभरच्या पशुवैद्यांच्या नोंदींत आजही वापरल्या जातात.

१९७५ मध्ये अमेरिकेतल्या मिसूरी येथे गार्नर आणि सहकाऱ्यांनी मक्याच्या स्टार्चची आणि लाकडाच्या पिठाची कांजी नळीने पोटात घालून घोड्यांत हा आजार ठरवून निर्माण करण्याची पद्धत दिली. झेनोफनपासून चालत आलेल्या निरीक्षणाला प्रयोगाचा आधार मिळाला, आणि त्यासाठी प्रयोगातल्या घोड्यांना मोठी किंमत मोजावी लागली. पुढची दोन दशके खुरातला रक्तपुरवठा आटतो या कल्पनेची होती. म्हणून रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधे दिली गेली, आणि पायाच्या नसा बधिर करून घोड्याला चालवण्याचा उपायही झाला. चालवण्याची जुनी रूढी नव्या शास्त्रीय वेशात परत आली होती. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात ख्रिस पॉलिट यांनी पापुद्र्यांची जोडणी सुटण्यामागे ऊतींतल्या विकरांचा हात असल्याचे मांडले. ही उपपत्ती सगळ्या प्रकारांना लागू पडली नाही, पण जोडणी सुटत असताना पाय हलवू नये हा निष्कर्ष पक्का झाला.

नालबंदही स्वस्थ बसले नव्हते. क्ष-किरण चित्रांमुळे हाड किती अंशांनी वळले हे मोजता येऊ लागले. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात साडेपाच अंशांपेक्षा कमी वळण असलेले घोडे पुन्हा कामाला लागले, तर साडेअकरा अंशांपुढचे लागले नाहीत, असे दिसले. काही काळ हे आकडे घोड्याचे भवितव्य ठरवण्यासाठी वापरले गेले. नंतरच्या अभ्यासांनी दाखवले की वळणापेक्षा हाड किती खाली बसले आहे आणि घोडा किती वेदनेत आहे, यावरून अंदाज अधिक बरोबर येतो.

त्याच सुमारास टेक्सासचे नालबंद बर्नी चॅपमन यांनी 'हार्ट-बार' नाल पुढे आणली. तिची मूळ कल्पना जुन्या नालबंदीतली. या नालेच्या मागच्या टोकांपासून एक पट्टी आत येते आणि तळव्याच्या मागच्या भागात असलेल्या लवचिक त्रिकोणी गादीवर, म्हणजे फ्रॉगवर, टेकते. भिंतीची पकड गेलेली असताना हाडाला खालून आधार द्यायचा हा तिचा हेतू. पट्टी योग्य जागी बसली तर घोडा काही मिनिटांत मोकळा उभा राहतो. अर्ध्या बोटाने पुढे गेली किंवा जास्त दाबली तर हाडाच्या टोकाखालचा रक्तपुरवठाच चिरडते. इंग्लंडमध्ये पशुवैद्य रॉबर्ट युस्टेस यांनी ही नाल आणि सुटलेल्या पुढच्या भिंतीचा भाग कापून काढण्याची पद्धत पुढे नेली. केंटकीचे रिक रेडन यांनी टाच उंच करून मागच्या कंडरेची ओढ सैल करण्यावर भर दिला. ओक्लाहोमाचे मायकेल स्टीवर्ड यांनी २००३ मध्ये सर्व बाजूंनी उतरता, लाकडी तळ खुराला स्क्रू व गोंदाने बसवण्याची सोपी पद्धत वर्णन केली. दुखऱ्या खुरात हातोडीने खिळा मारावा लागत नाही, हे या लाकडी तळाचे मोठे सुख आहे. कंडराच कापण्याची शस्त्रक्रियाही १९८० च्या दशकापासून निवडक घोड्यांवर होऊ लागली.

या सगळ्या कौशल्याच्या मर्यादा दोन प्रसिद्ध घोड्यांनी जगाला दाखवल्या. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकणाऱ्या सेक्रेटेरियटला लॅमिनायटिसमुळेच ४ ऑक्टोबर १९८९ रोजी केंटकीत वेदनामुक्त मरण द्यावे लागले. बार्बारोचे प्रकरण तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडले. २० मे २००६ रोजी प्रीकनेस शर्यतीच्या सुरुवातीलाच त्याचा मागचा उजवा पाय मोडला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन केंद्रात डीन रिचर्डसन यांनी तो सांधला. मोडलेला पाय सावरत असताना जुलैमध्ये मागच्या डाव्या, म्हणजे चांगल्या पायाला लॅमिनायटिस झाला आणि त्या खुराच्या भिंतीचा बहुतेक भाग काढावा लागला. २९ जानेवारी २००७ रोजी त्यालाही निरोप दिला गेला. जहाजावरच्या घोड्यांना जे होत असे तेच, जगातल्या सर्वोत्तम रुग्णालयात, पुन्हा घडले. त्यानंतर या आजाराच्या संशोधनाकडे लोकांचे लक्ष आणि पैसा दोन्ही वळले.

दुसऱ्या बाजूने नालेविरुद्धची चळवळ उभी राहिली. अमेरिकेतले नालबंद जेमी जॅक्सन यांनी तिथल्या मोकाट घोड्यांचे खूर पाहून १९९० च्या दशकात असा प्रचार केला की अनवाणी, नीट तासलेला खूर आणि सतत चालणे एवढे असेल तर खूर स्वतःच बरा होतो. जर्मनीच्या हिल्ट्रुड श्ट्रासर यांची भूमिका आणखी कडवी होती. या चळवळीने दोन चांगल्या गोष्टी केल्या: तासण्याच्या बारकाव्यांकडे लक्ष वेधले, आणि आहार व हालचाल यांना खुराच्या निगेत परत आणले. पण मोकाट घोड्याचा खूर म्हणजे निरोगी खुराचा नमुना, हे गृहीत सर्वत्र खरे ठरले नाही. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या रानटी कळपांच्या पाहणीत जुन्या लॅमिनायटिसच्या खुणा असलेले खूर आढळले.

जवाचे कोडे सुटले ते एकविसाव्या शतकात, आणि अनपेक्षित दिशेने. लठ्ठ पोनींना इन्सुलिनचा प्रतिसाद नीट येत नाही हे १९८० च्या दशकातच दिसले होते. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निरोगी पोनींच्या रक्तात साखर कायम ठेवून केवळ इन्सुलिन खूप वाढवले, तेव्हा तीन दिवसांच्या आत त्यांना लॅमिनायटिस झाला. २०१० मध्ये मेलडी द लाट आणि सहकाऱ्यांनी शर्यतीच्या घोड्यांत तेच दाखवले. म्हणजे आतडे बिघडलेले नसताना, ताप नसताना, केवळ रक्तातल्या इन्सुलिनच्या पातळीमुळे पापुद्रे ताणले जाऊन सैल होतात. आज पाळीव घोड्यांत दिसणाऱ्या लॅमिनायटिसचा मोठा भाग या प्रकारचा मानला जातो. वसंतातले साखरयुक्त गवत, गोड चंदी, वाढते वय, पिट्यूटरी ग्रंथीचा विकार ही त्यामागची नेहमीची कारणे. कुरणातल्या घोड्याचा खूर का जातो, हेही यातून उलगडले.

थंडीचा उपायही नव्याने सिद्ध झाला. अँड्र्यू व्हॅन एप्स आणि पॉलिट यांनी २००४ मध्ये आतड्याच्या बिघाडातून आजार निर्माण केलेल्या घोड्यांचा एकच पुढचा पाय दोन दिवस बर्फाच्या पाण्यात ठेवला. बुडवलेल्या पायातले पापुद्रे जवळजवळ शाबूत राहिले, उघड्या पायातले सुटले. तेव्हापासून गंभीर अतिसार किंवा विषबाधा झालेल्या घोड्याचे पाय, लंगडणे सुरू होण्याची वाट न पाहता, बर्फात ठेवण्याची पद्धत रुग्णालयांत रुजली. ओढ्यात घोडा उभा करणारे जुने नालबंद बरोबर होते. फक्त ओढ्याच्या पाण्यापेक्षा बरेच थंड पाणी आणि तासांऐवजी दिवस लागतात.

आजच्या उपचारात नालबंद आणि पशुवैद्य एकत्र उभे असतात. तीव्र अवस्थेत घोड्याला मऊ, जाड अंथरुणावर स्थिर ठेवतात, वेदनाशामके देतात, फोमच्या गाद्या बांधून तळव्याच्या मागच्या भागाला आधार देतात आणि क्ष-किरण चित्रे काढतात. रक्तातल्या इन्सुलिनची तपासणी होते. दाणा बंद होतो, वाळलेले गवत पाण्यात भिजवून त्यातली साखर उतरवतात आणि चरताना तोंडाला मुसके बांधतात. अलीकडे माणसांच्या मधुमेहावरची, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधेही इन्सुलिन उतरवण्यासाठी घोड्यांना दिली जात आहेत. घोडा स्थिरावला की तासणी सुरू होते: वाढलेला पुढचा भाग मागे घ्यायचा, टाच हळूहळू हाडाशी समांतर आणायची, तळव्याची जाडी मात्र अजिबात कमी करायची नाही. हे काम चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने वर्षभर चालते. वरच्या काठापासून घट्ट जोडलेली नवी भिंत खालपर्यंत उतरली, आणि नव्या चित्रात हाड व भिंत पुन्हा समांतर दिसली, की मग नाल, अनवाणी खूर किंवा हलके काम यांचा निर्णय त्या घोड्यापुरता घेतला जातो.